चार फूट दहा इंच

आज सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला फावडं घेऊन बाहेर पडलो, तर कुंपणाच्या कडेनं जोडीजोडीनं उमटलेले ठसे दिसले. दोन बारीक पावलं शेजारी शेजारी, मग हातभर उडी, पुन्हा दोन पावलं. हे मिंकचे ठसे. मिंक म्हणजे आपल्या मुंगसाचा इकडचा मावसभाऊ. रंग काळपट, पोहण्यात पटाईत, मासे मारण्यात निर्दय. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. ओगले काकूंनी शिकवलं, मानेला धरून बर्फाकडे वाकवून. ठसे दोन घरं पलीकडे काकूंच्या मागच्या अंगणात गेले होते, जिथे तळं होतं तिथे गोल फिरले होते आणि परत आले होते. तळं नव्या मालकांनी गेल्या उन्हाळ्यात बुजवून वर हिरवळ लावली. मिंकला ते कोणी कळवलं नव्हतं.

फावडं टेकून मी तिथेच उभा राहिलो. नीता, म्हणजे माझी बायको, दारातून विचारत होती, "झालं का?" काही झालं नव्हतं.

ओगले काकू आता दूर दक्षिणेत प्लेनोला मुलाकडे असतात. तिथे मासे नाहीत, असा बर्फ नाही आणि त्यांच्या शब्दांत सांगायचं तर "करण्यासारखं काही नाही". इथे डेट्रॉइटच्या बाहेर आमच्या गावात त्या एकतीस वर्षं राहिल्या. त्यातली बरीचशी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेली. त्यामुळे असेल, पण त्यांना कशाची किळस नव्हती आणि कुणाची भीड नव्हती. उंची चार फूट दहा इंच. वर्षातले पाच महिने अंगात सुती गाऊन, त्यावर ओगले काकांचा भडक केशरी कोट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. असे कोट इकडे शिकारी घालतात. काका शिकारी नव्हते, कोट सेलमध्ये मिळाला होता. काका गेले, कोट राहिला.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बर्फावर पालथ्या पडल्या होत्या. आम्ही नुकतेच या गल्लीत राहायला आलो होतो. जानेवारीची सकाळ, बाहेर हाडं गोठतील अशी थंडी, आणि खिडकीतून बघतो तर दोन घरं पलीकडच्या अंगणात केशरी कोटातलं माणूस निपचित. म्हटलं, गेली म्हातारी. तसाच चपला घालून धावलो. तर म्हातारीनं मान न उचलता एक हात वर केला.

"धपधप करू नका. खाली झोपलेत."

त्या बर्फाला कान लावून बुडबुड्यांचा आवाज ऐकत होत्या. गोठलेल्या तळ्यात हवेसाठी एक भोक उघडं ठेवावं लागतं. त्यांनी तळाशी हवेची नळी सोडली होती, तिच्या बुडबुड्यांनी ते भोक उघडं राहायचं. त्या रात्री इतकी थंडी पडली की तेही बंद झालं. मी मोठा उपकारकर्ता. त्यांच्या शेडमधून हातोडा काढला आणि बर्फावर एक हाणला. दुसरा हाणायच्या आत माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं. त्या मुठीत किती जोर होता हे आठवलं की अजून आश्चर्य वाटतं.

"तुम्ही गाढ झोपलात आणि कोणी कानाशी तोफ उडवली, तर चालेल?" त्या म्हणाल्या. "पाण्यातून हादरा जातो. मासा आतून फुटतो."

मग त्यांनी घरातून एक पितळी पातेलं आणलं, उकळत्या पाण्यानं भरलेलं, आणि ते बर्फावर नुसतं ठेवलं. ठेवलं आणि उलट्या बादलीवर बसून राहिल्या. पातेलं हळूहळू खाली जात गेलं आणि भाकरीएवढं गोल भोक पडलं. पातेलं त्यांच्या आईचं, मिरजेहून आणलेलं, बाळंतिणीच्या पाण्याचं. मी थंडीनं कुडकुडत उभा. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी या, पण हातोडा घरी ठेवून."

तळं त्यांनीच खणून घेतलं होतं. खणणारा माणूस मशीन घेऊन आला आणि किती खोल हवं म्हणून विचारू लागला. काकूंनी टेप दिलीच नाही. स्वतः खड्ड्यात उतरल्या आणि म्हणाल्या, माझं डोकं दिसेनासं झालं की थांब. "जिथे मी बुडते तिथे बगळा उभा राहू शकत नाही," असं त्यांचं गणित. "काळ्या मुखवट्याच्या त्या चोराचे, रकूनचेही, पाय टेकत नाहीत. वर कितीही गोठू दे, तळाशी माझी माणसं सुखरूप." एक झाडूचा लांब दांडा त्यांनी बरोबर स्वतःच्या उंचीचा कापून घेतला होता. तो तळ्याच्या मापाचा दांडा.

'माझी माणसं' हे मला आधी प्रेमानं म्हटल्यासारखं वाटलं होतं. मग एका डिसेंबरात सकाळी सातला फोन आला. "धाकटे दीर गेले. येता का जरा?" मी आणि नीता हादरलो. नीतानं चहाचा थर्मास भरला, मी ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवलं, आणि दोघं सुतकी चेहऱ्यानं काकूंच्या दारात. त्या आम्हाला मागे घेऊन गेल्या. बर्फावर दीड हात लांबीचा पिवळा कोई, तळ्यात शोभेला पाळतात तो मासा, पडला होता, डोकं खाल्लेलं, बाकीचा तसाच टाकलेला. नीताला हसू येत होतं आणि काकूंचा चेहरा बघून हसवत नव्हतं.

तेव्हा कळलं की तळ्यातले बाराच्या बारा मासे हे काकूंचं सासर होतं. लठ्ठ नारिंगी ते मोठे दीर. सगळ्यांना ढुशा देणारी चंदेरी ती वन्स. काळी आत्याबाई. आणि पांढरीशुभ्र, कपाळावर कुंकवाएवढा तांबडा ठिपका असलेली, सगळ्यात थोरली ती सासूबाई. "खऱ्या सासूबाईंनी मला वीस वर्षं ताटकळत ठेवलं," काकू सांगायच्या. "ही मी टाळी वाजवली की वर येते." काकूंचं बोलणं ऐकताना कधी कुठली सासू चाललीय हे आधी समजून घ्यावं लागायचं.

त्या दिवशी त्यांनी मला मानेला धरून ठसे दाखवले. ही बोटं फाकलेली, लहान मुलाच्या हातासारखी, ती रकूनची. ही जोडीची, मिंकची. ही बुटांची, पोस्टमनची. "झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात एवढेच येतात." मी हसलो. मला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "तुम्ही मासे खाता ना? मग इंडियन स्टोअरमधून सुके बोंबील आणून द्या. चांगले कुठले ते मला कळत नाही."

ओगल्यांच्या घरात कधी अंडं फुटलेलं नव्हतं. वाढदिवसाचा केक आणला तर काकू आधी डबा वाचायच्या. पण मिंकसाठी पिंजरा लावला होता आणि त्यानं आतला ट्यूना हुंगलासुद्धा नव्हता. "अमेरिकन वासाला तो दाद देत नाही," काकूंचं निदान. मी बोंबील नेऊन दिले. त्यांनी लॅबचे हातमोजे घालून, नाकाला रुमाल न लावता, ते पिंजऱ्यात बांधले. तिसऱ्या सकाळी मिंक आत. त्याला न्यायला जंगली प्राणी धरायचा परवाना असलेला माणूस येईपर्यंत काकू पिंजऱ्यासमोर बादलीवर बसून त्याला मराठीत समजावत होत्या. "तुला पोट आहे, कबूल. पण डोकं तेवढं खायचं आणि बाकीचा टाकून द्यायचा, ही कुठली रीत?" मिंक दात दाखवत होता. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. जाळीचं भोक मोठं होतं." त्या आठवड्यात त्यांनी हवेच्या भोकावरची जाळी बदलली आणि करंगळी जाणार नाही इतकी बारीक लावली. त्यानंतर एवढे हिवाळे गेले, मिंक दरवर्षी आले, जाळीभोवती फिरले, आणि काकूंचा एकही मासा नेऊ शकले नाहीत.

आता माझा भाग सांगतो. सांगायला नको वाटतो.

मी आमच्या मंडळाचा विसर्जनप्रमुख. पूर्वी आम्ही पार्कमधल्या तलावात गणपती सोडायचो. पार्कवाल्यांनी बंद केलं. मला लगेच काकूंचं तळं आठवलं. फोन केला तर म्हणाल्या, "असलं फोनवर विचारत नाहीत. दारात या." गेलो. त्यांनी बेसनाचा लाडू दिला, ऐकून घेतलं, "थांबा, सासूबाईंना विचारते," म्हणून मागे गेल्या आणि येऊन म्हणाल्या, "हो म्हणाल्या. पण मूर्ती शाडूचीच. प्लास्टरची आणलीत तर मूर्तीबरोबर तुम्हालाही सोडीन." शाडू म्हणजे माती, माती पाण्यात विरघळते, यात कोणाला काय वावगं दिसणार? मीही इंजिनियर माणूस. विरघळते म्हणजे जाते कुठे, हा प्रश्न मला पडला नाही.

पहिल्या वर्षी नऊ गणपती आले. मग चौदा, मग पंचवीस, शेवटी चाळीसच्या वर. इथे बाप्पासुद्धा वीकेंडलाच जातात, त्यामुळे तो शनिवार म्हणजे काकूंच्या अंगणात जत्रा. सॅन होजेहून सुट्टीला आलेली मुलं, युनिव्हर्सिटीतले नागपूर-पुण्याचे विद्यार्थी, "आजी, व्हेअर इज द फिश?" म्हणणारी पोरं. काकू आदल्या दिवसापासून वाटली डाळ करायला लागायच्या, दीडशे माणसांची, त्याच पितळी पातेल्यात, एकामागून एक घाणे घालून. आणि दुसऱ्या दिवशी, अंगण रिकामं झालं की, तळ्यावर जाळं पसरायचं. एक टोक मी धरायचो. "पाहुणे गेले," त्या म्हणायच्या. "आता चोरांचा बंदोबस्त." त्यांचा हिवाळा त्या दिवशी सुरू व्हायचा. दरवर्षी श्रावणात मी दारात जाऊन विचारायचो, दरवर्षी सासूबाई हो म्हणायच्या.

दोन वर्षांमागच्या फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या सकाळी काकू स्वतः आमच्या दारात. कोटाची बटणं उलटसुलट लागलेली. "या," एवढंच म्हणाल्या.

जाळी जागेवर होती. आजूबाजूला एक ठसा नव्हता. भोकात बुडबुडे नव्हते. आणि बर्फाखाली, काचेखाली ठेवल्यासारखं, मोठ्या दिरांचं पोट दिसत होतं. त्यांच्या मागे वन्स. त्यांच्या मागे आणखी. अंगावर कोणाच्या ओरखडा नव्हता. मला काहीच कळेना. मारणारा आला नाही आणि मेले सात.

काकूंनी मापाचा दांडा मागितला. शेडमधून तो मी पहिल्यांदाच हातात घेतला. त्यांनी तो भोकातून सोडला. त्यांच्या उंचीचा दांडा, पुरा बुडायला हवा. तो अर्ध्याच्या थोडा खाली जाऊन मऊ कशावर तरी टेकला. ओढून काढला तर टोकाला राखाडी चिखल, सडक्या अंड्यासारखा वास. चिखलाला सोनेरी रंगाची चिमूट लागली होती. त्यांनी अंगठ्यानं ती पुसली. हवेची नळी त्या गाळात रुतली होती, वर पाणी दीड हात उरलेलं, आणि गाळातला वायू बर्फाखाली कोंडला होता.

आमचे गणपती. चाळीस घरांचे, इतक्या वर्षांचे. त्यात आमच्या घरचे दरवर्षी एक.

आणि मग मला दांड्यावरच्या खुणा दिसल्या. पेन्सिलच्या आडव्या रेघा, प्रत्येकीपुढे साल. दरवर्षी दोन बोटं, तीन बोटं वर सरकलेल्या.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"मला मोजता येतं," त्या म्हणाल्या.

"मग एकदा तरी बोलायचं."

"काय बोलायचं? बाप्पा, तुमच्यामुळे गाळ होतो?" त्यांनी दांडा बर्फात खुपसला. "दरवर्षी म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात उपसून घेऊ. हा हिवाळा निघेल असं वाटलं होतं. मिंकला जाळी लावता येते हो. घरी येणाऱ्याला कुठून लावणार?"

मी ते काकूंचं सौजन्य समजलो. भिडेखातर गप्प बसल्या, असं. जन्मात कुणाची भीड न बाळगलेली बाई आमच्या भिडेखातर गप्प बसेल, हे मी कसं मानलं, देव जाणे.

उरलेले चार मासे आम्ही गुरांच्या पाण्याच्या टाकीत घालून त्यांच्या थंड गराजमध्ये ठेवले. सासूबाई वाचल्या. काकू रडल्या नाहीत. सात मासे रासबेरीच्या झाडांखाली पुरायचे होते, पण जमीन दगडासारखी, म्हणून ते एप्रिलपर्यंत फ्रीजरमध्ये राहिले.

उन्हाळ्यात त्यांच्याकडे मशीन आलेलं मी पाहिलं. बरं झालं, म्हटलं, माशांची सोय झाली. आणि आमच्या कमिटीत मी ठामपणे सांगितलं, काकूंना आता त्रास द्यायचा नाही. हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये मोठा टब ठेवू. सगळ्यांना पटलं. ग्रुपवर मेसेज टाकला. श्रावणात काकूंच्या दारात गेलो नाही. विचारायचंच काही नव्हतं, आणि तोंड दाखवायची लाजही वाटत होती.

शनिवारी विसर्जन झक्क झालं. पार्किंग भरपूर, बाथरूम जवळ. पाच वाजता मला वाटलं, काकूंना प्रसाद देऊन यावं. मोदकांचा डबा घेऊन मी त्यांच्या मागच्या अंगणात वळलो.

अंगणभर घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. टेबलावर कागदी वाट्यांच्या रांगा, शेजारी पितळी पातेलं, वर झाकण. तळ्याच्या काठाला रांगोळी. काकू हिरव्या काठापदराच्या साडीत. इतक्या वर्षांत त्यांना मी साडीत क्वचितच पाहिलं असेल.

"या, विसर्जनप्रमुख," त्या म्हणाल्या. "यंदा विचारायला आला नाहीत. म्हटलं, फेब्रुवारीचं मनाला लावून घेतलंय, लाजतोय वेडा. सासूबाईंना मीच विचारून ठेवलंय."

आणि मला दाखवायला लागल्या. तळ्याशेजारी एक वेगळं गोल कुंड खणून घेतलं होतं, आत काळं रबर, काठाला दगड, दगडांवर झेंडूची फुलं. "ही बाप्पांची खोली. माती इकडेच राहील, वर्षाला बादलीनं काढता येईल. तळं पुन्हा चार फूट दहा केलंय. मी आता चार फूट नऊ भरते, पण तळ्याला कशाला सांगायचं?" त्या हसल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागल्या.

"बाकीचे मागून येतायत ना?"

मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. टब म्हणालो, पार्किंग म्हणालो. ग्रुपवर मेसेज टाकला होता, असंही म्हणालो.

"मी कुठे ग्रुपवर आहे?" त्या म्हणाल्या. भांडणाच्या सुरात नाही. नुसतं सांगितलं.

"तुमचा त्रास वाचावा म्हणून, काकू."

"माझा त्रास," त्या म्हणाल्या. खुर्च्यांकडे बघितलं. "बरं केलंत."

मग एका वाटीत डाळ वाढून माझ्या हातात दिली. "मीठ बघा." मी खाल्ली. मीठ बरोबर होतं, तसं सांगितलं. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, साडीचा पदर खोचला आणि शेडमधून जाळं आणलं.

"उद्या लावू," मी म्हणालो.

"उद्यापर्यंत उघडं ठेवायचं काय कारण? धरा तिकडून."

आम्ही जाळं पसरलं. तळ्यावरून घेतलं, मग त्यांनी ते ओढून नव्या कुंडावरही घेतलं. त्यात मासे नाहीत, मी म्हणालो. "पानं पडतील," त्या म्हणाल्या आणि कडेला दगड ठेवत गेल्या. खाली पाण्यात सासूबाई टाळीची वाट बघत काठाशी आल्या होत्या.

त्या वेळी एवढंच डोक्यात होतं की इथून निघावं. काकूंना मी नीट पाहिलं ते तेवढंच शेवटचं. नोव्हेंबरात मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला, तेव्हा मी कामासाठी बाहेरगावी होतो. त्या संध्याकाळी निघताना फाटकापाशी वळून बघितलं तर त्या पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर डाळीची वाटी, तोंड तळ्याकडे, आणि जाळ्यातून खाली काहीतरी सांगत होत्या. मला हाक मारल्यासारखी वाटली. पण नीताचा फोन आला, हॉलमधल्या खुर्च्या सहाच्या आत परत द्यायच्या होत्या, म्हणून मी थांबलो नाही.